अकरा रिळे विकावीत, बारावे विकू नये

मी, वय वर्षे शहात्तर, चित्रपटगृहाचा निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर, आज सकाळी दाढी करून, चष्मा पुसून, मानगुटीवर कोणीही बसलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तेच डॉक्टर जे बोलले ते तितके चांगले नाही, म्हणून ही घाई. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या मुलाला मिळावे. बँकेतली ठेव निम्मी त्याला आणि निम्मी सूनबाईंना, वेगवेगळ्या खात्यांत. यावर मुलाने तोंड वाकडे करू नये. त्याच्या आईचे स्वतःचे खाते कधी नव्हते, आणि ते माझ्यामुळे नव्हते.

२. माझ्या बायकोचे शिलाई मशीन सूनबाईंना द्यावे. त्याच्या डाव्या खणातला बटणांचा डबा मी काढून घेतला आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

३. स्क्रू-ड्रायव्हर, पकडी, तेलाची कुपी तळमजल्यावरच्या घड्याळजींना. ते उसने नेऊन परत करायला विसरतातच, आता विसरायचे कारण उरणार नाही.

४. निरोपसमारंभात मॅनेजरने दिलेले भिंतीवरचे घड्याळ मॅनेजरच्या मुलांना परत करावे. ते पहिल्या दिवसापासून बंद आहे. घड्याळजींनी उघडून पाहिले तर आत यंत्रच नव्हते. एकतीस वर्षांच्या नोकरीचे असे चीज झाले, हे त्यांच्याही घरात कुणाला तरी कळावे.

५. लोखंडी कपाटात आठ मिलिमीटरची अकरा रिळे आहेत, मूळ पत्र्याच्या डब्यांसह. सोबत कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर. आमच्या घरातली आणि गल्लीतली सहा वर्षे त्यांत आहेत. हा संच जुन्या घरगुती फिल्म जमवणाऱ्यांच्या मंडळाला विकावा. मंडळातर्फे दातांचे डॉक्टर येतात, त्यांच्याशी बोलणी झाली आहेत. परक्याच्या घरातली माणसे बघून तुम्हाला काय मिळते, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "काका, यांत कुणी अभिनय करत नाही."

त्यांनी सगळी रिळे लावून पाहिली आणि विचारले, "चित्र मध्येच उडी मारतं. चौतीस ठिकाणी. पण सांधे इतके साफ आहेत की बोटाला लागत नाहीत. कुणी केलं हे काम?"

"मीच केलंय," मी म्हणालो.

विकत घेणाऱ्याला मालातला दोष सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, म्हणून सांगतो. माझा धाकटा भाऊ त्याच चित्रपटगृहात डोअरकीपर होता. एकेचाळीस वर्षांपूर्वी, दुपारचा खेळ चालू असताना आमचे वडील घरी वारले. निरोप घेऊन शेजारी दारापाशी आला. धाकट्याने तो ऐकला, दारावर तसाच उभा राहिला आणि खेळ सुटेपर्यंत मला कळवले नाही. विनोदी चित्रपट होता. सगळ्या गल्लीला ठाऊक होते, आणि मी वर केबिनमध्ये हसत होतो.

मी डोक्यात राख घालून घेतली. घरात त्याचे नाव काढायचे नाही, असे बायकोला बजावले. मग एका सुट्टीच्या दिवशी अकरा रिळे काढून बसलो आणि जिथे जिथे धाकटा होता तिथे तिथे त्याला कापला. तुकडे टेबलाखालच्या टोपलीत टाकले. त्या दिवशी मला फार बरे वाटले होते.

सात महिन्यांनी आमची ठकी तापाने गेली. सहा वर्षांची होती. मुलगा तिच्यानंतर दोन वर्षांनी झाला, त्याने तिला पाहिलेले नाही. महिनाभराने मी तिला बघायला म्हणून रिळे लावली, आणि अकरापैकी एकातही ती नव्हती. एका ठिकाणी फ्रॉकची कड दिसते, एका ठिकाणी हात. कॅमेरा नेहमी माझ्या हातात असे, आणि ती एक क्षण स्वस्थ बसत नसे. काकाच्या खांद्यावर बसवली तरच ती कॅमेऱ्याकडे बघायची. त्याला कापताना मी पोरीलाही कापले होते, आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. मी फक्त त्याचेच तोंड बघत होतो.

मी बायकोला म्हणालो, "ठकी कुठेच नाही गं."

ती म्हणाली, "भावजींना घरी बोलवा. मग दिसेल."

मला तो टोमणा वाटला. मी बोलावले नाही. तीही पुन्हा कधी बोलली नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांना रिळांचे मूळ डबे हवे होते. ते शोधताना मशीनच्या खणात बटणांचा डबा सापडला. बटणांखाली चौतीस तुकडे. प्रत्येक वेगळा गुंडाळून, कागदाच्या पट्टीवर तिच्या अक्षरात लिहिलेले: रीळ चार, जिना. रीळ सात, सायकल. काठी मारल्याने पाणी तुटत नाही, असे ती येताजाता म्हणायची. मी ऐकले असते तर तिनेही पोरीला पाहिले असते. हे मला सोसवत नाही.

मी धाकट्याकडे गेलो. माझी हाक ओळखून दार उघडत तो म्हणाला, "दादा, एवढा जिना चढलास? बस आधी." एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी, दुसऱ्याने जेमतेम उजेड कळतो. मी डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि जे तेव्हाच विचारायचे होते ते विचारले. तो बराच वेळ बटणे चाचपत होता.

"बाबा गेलेच होते रे. तू धावत आला असतास तरी काय होणार होतं? म्हटलं, अजून तासभर तुझे बाबा असू देत."

तो स्वतःही तो तास दारावरच उभा होता. तो दार सोडून माझ्याआधी घरी गेला असता तर बातमी मला कळली असती. हे इतक्या वर्षांत माझ्या मनाला शिवले नव्हते.

६. मुलगा म्हणतो, "तुकडे परत लावून टाका ना बाबा, पूर्ण संच म्हणून जाईल." डॉक्टरही तेच म्हणतात. लावू नयेत. अकरा रिळे मी कापली तशीच जावीत, आणि पाचव्या कलमाची नक्कल डब्यांसोबत द्यावी. पोरगी इतकी वर्षे काकाच्या खांद्यावर आहे, तिला तिथून उतरवून विकायचा मला हक्क नाही.

७. चौतीस तुकडे सांधून मी बारावे रीळ केले आहे. ते धाकट्याचे आहे. ते विकू नये. डॉक्टरांना प्रोजेक्टर पुढच्या कलमातल्या खेळानंतरच द्यावा.

८. धाकट्याच्या डोळ्यावरची पट्टी रविवारी निघेल. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला आमच्या बाहेरच्या खोलीत चादर लावून खेळ करायचा ठरला आहे. मुलाला फिल्म लावायला शिकवले आहे. दोनदा त्याने उलटी लावली, तिसऱ्यांदा जमले. मला इस्पितळात हलवावे लागले तर माझ्यासाठी खेळ पुढे ढकलू नये. धाकटा खेळाची वाट बघत असताना माझी काही बातमी आली, तर दाराशी जो असेल त्याने ती स्वतःजवळ ठेवावी. बारावे रीळ चार मिनिटांचे आहे. तेवढा वेळ धाकट्याला त्याचा दादा असू द्यावा. रीळ संपले की दिवे लावावेत, आणि मग सांगावे.

वरील सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. खाडाखोड नाही.

लिहून ठेवणार: निवृत्त ऑपरेटर (सही)

साक्षीदार
१. तळमजल्यावरचे घड्याळजी (सही)
२. दातांचे डॉक्टर, जमवणाऱ्यांचे मंडळ (सही)

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: अकरा, मंगळवार