शोभेल असा आकडा

४ सप्टेंबर

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

चाळीस पोरांची बोटं एकदम बाकांवर वाजायची, तो आवाज आज कानात घुमतो आहे. कविता म्हणताना ताल सुटू नये म्हणून मी वर्गाला बोटं वाजवायला लावायचो, आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर येऊन सांगायचे की ही शाळा आहे, बँडपथक नव्हे. दुपारी गॅलरीतल्या खुर्चीत डोळा लागला होता. जाग आली ती त्या आवाजानं. मग आठवलीस चौथीतली तू. भर कार्यक्रमात एक शब्द विसरलीस. बोटं वाजतच होती. तू डोळे मिटलेस आणि तालात बसेल असा स्वतःचाच एक शब्द ठोकून दिलास. एकाही पालकाला पत्ता लागला नाही. मी मात्र तुझी पाठ थोपटली होती.

असो. म्हाताऱ्याची गाडी मागच्या स्टेशनांवरच जास्त वेळ थांबते.

तुझ्या मार्गदर्शक बाईंना तुम्ही मुली फूटपट्टी म्हणता हे वाचून फार हसलो. टाचणी झाली, फूटपट्टी झाली, कंपासपेटी भरायला आता रबर तेवढं हवं. पण बाईंशी सांभाळून वाग. विज्ञान शिकणाऱ्या मुलींना एकेका जाणत्या बाईच्या हाती द्यायचं, फी माफ, खोली फुकट, दर शनिवारी चहा पाजून विचारपूस करायची, अशी योजना आमच्या वेळी असती तर तुझ्या आईचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला सुटलं नसतं. तुझा मामा रविवारी येऊन पुन्हा तेच म्हणाला. तिथून एक जरी तक्रारीचं पत्र आलं तर तो स्वतः जाऊन तुला घेऊन येणार आणि पुढचं बघणार. पुढचं म्हणजे काय ते तुला कळतं. मी त्याला म्हटलं, तुझं पुढचं बघताना मला जेवढा त्रास झाला तेवढा या जन्मी पुरे.

वही स्वच्छ ठेवतेस ना? कच्चं फेकायचं, पक्कं ठेवायचं. खोकला बरा आहे. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढव.

तुझा,
आजोबा

९ सप्टेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रबराचं वाचून हसू आलं नाही, कारण इथं रबराला बंदी आहे. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, चुकलेलं खाली दिसत राहिलं पाहिजे, आणि कच्ची वही काही झालं तरी टाकायची नाही. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. आणि आजोबा, मी ती टाकली.

नीट सांगते. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना दवाखान्यात काचपेटीत ठेवतात ना, तिच्यासाठी आमच्या प्रयोगशाळेनं स्वस्तातला तापमापक बनवला आहे. पेटीत बाळाच्या जागी पाण्याची पिशवी ठेवायची आणि दर अर्ध्या तासानं दोन आकडे लिहायचे, एक आमच्या तापमापकाचा, एक जुन्या खात्रीच्या तापमापकाचा. चाळीस दिवस हे काम माझ्याकडे होतं. एकोणिसाव्या दिवशी वहीवर हात पुसायचं स्पिरिट सांडलं आणि शाई पसरली. ते पान इतकं गचाळ दिसायला लागलं की मला तुमचाच आवाज ऐकू आला. चाळीस दिवस झाल्यावर मी अख्खी वही नव्या वहीत सुवाच्य उतरवली आणि जुनी कचऱ्यात टाकली. कचरा त्याच संध्याकाळी गेला.

तेवढंच असतं तर बोलणी खाऊन सुटले असते. पण त्या पानावर आमच्या तापमापकाचे दोन आकडे वाचताच येत नव्हते. वरचे सगळे छत्तीस पूर्णांक आठ, नऊ, आठ, खालचेही तसेच. मी दोन्ही जागी नऊ लिहिलं. आजूबाजूच्यांना शोभेल असं. चौथीत केलं होतं अगदी तसंच.

खरी भीती पुढंच आहे. त्या दिवशी आकडा वाचल्यावर मी पुन्हा वाकून बघितलं होतं, एवढं मला आठवतं. का बघितलं, ते आठवत नाही. माणूस उगाच दुसऱ्यांदा बघतो का हो?

पंधरा तारखेला, शनिवारी, बाई पानापानावर सही करणार. एकोणतीसला तापमापक दवाखान्यात जाणार, खऱ्या बाळांच्या पेटीवर. सांगावं तर माझी जागा जाते. मागच्या वर्षी एकीला याहून लहान चुकीसाठी काढलं असं मुली म्हणतात. न सांगावं तर, पुढं लिहवत नाही. खोलीतली मैत्रीण म्हणते मी झोपेत आकडे पुटपुटते. काय करू ते शनिवारच्या आत कळवा.

तुमची टाचणी, सध्या बोथट

१२ सप्टेंबर

चि. टाचणीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मामाच्या हाती लागू नये म्हणून ते शब्दकोशात घालून ठेवलं आहे. त्या पुस्तकाला तो मरेपर्यंत हात लावणार नाही.

दोन आकडे. हजारभर आकड्यांतले दोन. पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपणहून विस्तवात हात घालू नकोस. तो तापमापक काय एकट्या तुझ्या वहीवर चालणार आहे? मोठमोठी माणसं आहेत, ती बघून घेतील.

तुझी आई दुसऱ्या वर्षाला एका विषयात राहिली, तेव्हा मीच तिला पत्र लिहून घरी बोलावलं होतं. म्हटलं, सहा महिने विसावा घे, मग पुन्हा जा. ती जिन्यात पेटी खाली ठेवून उभी होती, मी वरून बघत होतो. ती पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. पुढं तिनं कधी तो विषय काढला नाही, आणि मला आजवर धीर झाला नाही. तुझी पेटी मला त्या माळ्यावर चढवायची नाही.

गप्प राहा. वडीलधाऱ्या माणसाचं एवढं ऐक. जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.

आजोबा

१६ सप्टेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल सकाळी मिळालं आणि दुपारी बाईंपुढे वही ठेवली. तुम्ही सांगितलंत तसं गप्प राहिले.

त्या म्हणाल्या, वीस वर्षांत इतकी देखणी वही पाहिली नाही. मग एकोणिसाव्या दिवसाच्या पानावर थांबल्या. बोट आकड्यांवरून सावकाश खाली नेलं. मला विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मी नाही म्हटलं. चहाला साखर बरोबर आहे का विचारलं. मी हो म्हटलं. चहात साखर घातलेलीच नव्हती, ते नंतर कळलं. त्यांनी सही केली.

आजोबा, सही त्यांची आहे. उद्या काही झालं तर त्यांचंही नाव येईल. प्रयोगशाळेतली ती पिशवी आता मला नुसती पिशवी दिसत नाही. आज रविवार, तरी दोनदा जाऊन तिच्याजवळ उभी राहून आले. तुमच्यावर राग नाही. लिहिणारा हात माझाच होता. मला विसरू नका.

टाचणी

१८ सप्टेंबर

चि. टाचणीस आशीर्वाद.

माझं बारा तारखेचं पत्र फाडून टाक. आधी ते कर, मग पुढं वाच.

आपल्या खालच्या मजल्यावरची शिंपीण तुला माहीत आहे. तिच्या लेकीला सातव्या महिन्यात मुलगी झाली. काल शिंपिणीला सोबत म्हणून मी दवाखान्यात गेलो. लांबलचक बोळ, फिनेलचा वास, शेवटी एक मोठी काच. काचेपलीकडे पेट्या मांडलेल्या आणि एकीत ते पोर. मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. पेटीवर लाल आकडे. वीस पेट्या आणि दोन नर्सबाई. त्यांतल्या एकीला मी विचारलं की बाळ तापलं तर तुम्हाला कळतं कसं. ती म्हणाली, आकड्यावरून. दुसरं काही बघायला तिला वेळच कुठं आहे?

शिंपिणीला वाचता येत नाही. तिनं मला विचारलं, मास्तर, किती आहे बघा हो. मी चष्मा पुसून वाचला. छत्तीस पूर्णांक नऊ. तिनं सुस्कारा टाकला आणि पायरीवर बसली. मीही तिच्याशेजारी बसलो. मी वाचला म्हणून तिनं मानला. आणि मी तरी कुणाचा वाचला?

विसरलेल्या शब्दाजागी दुसरा घातलास म्हणून मी तुझी पाठ थोपटली, तेव्हा चाळीस माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि फार तर कुणी हसलं असतं. मी घाबरून तुला गप्प बसवलं, पोरी. चूक माझी. आजच्या आज बाईंकडे जा. जागा गेली तर जाऊ दे, मामाचं मी बघतो.

ता. क. पाकीट बंद करता करता तुझं सोळाचं पत्र आलं. सही झाली तर होऊ दे. एकोणतीसला अजून अकरा दिवस आहेत. जा.

आजोबा

२४ सप्टेंबर

चि. टाचणीस आशीर्वाद.

सहा दिवस झाले, तुझी ओळ नाही. पोस्टमन माझ्याकडे बघायचं टाळतो. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून काल तुझ्या वसतिगृहाचा नंबर मी लावला आणि बोलायला फोन शिंपिणीला दिला. ऑफिसातल्या माणसानं सांगितलं की ती मुलगी गेल्या मंगळवारपासून खोलीवर नाही, याहून जास्त सांगता येणार नाही. शिंपिणीनं त्याला दोन शिव्या दिल्या, पण त्यानं ठेवून दिला.

मंगळवार म्हणजे माझं अठराचं पत्र तुझ्या हाती पडायच्याही आधी. तेव्हा तुझ्याजवळ होतं ते माझं बाराचंच. हे कळल्यापासून डोक्यात काय काय येतं ते कागदावर उतरवायचा धीर नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उठतो. वरच्या मजल्यावरचा वायरमन काल तीनदा माझ्या तोंडाकडे बघून गेला. मामाला कळवलेलं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मीच निघतो. नऊ वर्षांत हे गाव सोडलेलं नाही, तिकीट खिडकी कुठं असते तेही आता विचारावं लागेल. तू असशील तिथं नीट अस. एवढंच मागणं

बेल वाजली. थांब.

घाईत लिहितो आहे, अक्षराकडे बघू नकोस. दारात एक अनोळखी बाई. उंच, केस आखूड आणि पांढरे, खांद्याला ऑफिसची पिशवी, जिना चढून धाप लागलेली. मला वाटलं, वाईट बातमी सांगायलाच कुणीतरी आलं. चौकट घट्ट धरली. तेव्हा त्या म्हणाल्या, मुली ज्यांना फूटपट्टी म्हणतात त्या मीच. नाव तुम्हीही वापरत असाल, लाजू नका.

सगळं सांगितलं त्यांनी. सोमवारी प्रयोगशाळा बंद व्हायच्या वेळी तू गेलीस आणि उभ्यानंच सारं बोललीस. त्या रात्री तू जेवलीही नाहीस आणि झोपलीही नाहीस, म्हणून मंगळवारपासून त्यांच्याच घरी होतीस. तापमापक थांबवला आहे. तुला काढावं की ठेवावं यावर समितीत तीन तास भांडण झालं, आणि त्यांतले दोन तास एकट्या बाईच बोलत होत्या. आता पुन्हा चाळीस दिवस, प्रत्येक आकड्याला दुसरी एक मुलगी साक्षीला. काय निघेल ते कुणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही; तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्याआधी तुला दहा दिवस विश्रांती. आणि घरी एकटी पाठवलेली मुलगी बहुतेक परत येत नाही, असा त्यांचा अनुभव आहे, म्हणून त्या स्वतः पोचवायला येतात आणि परतीचं तिकीट आधीच काढून आणतात. ते त्यांनी आत्ता माझ्या टेबलावर, या कागदाशेजारी ठेवलं आहे. चार ऑक्टोबर, खिडकीजवळची जागा.

मग तू कुठं आहेस विचारलं. म्हणाल्या, खाली दाराशी उभी आहे. वर का आली नाही, तर आजोबांनी गप्प राहायला सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं नाही, म्हणून भिते आहे; पत्रही म्हणूनच लिहिलं नाही.

म्हणजे माझं अठराचं पत्र तुला मिळालंच नाही. मी सांगायच्या आधीच तू गेलीस.

बाईंना पाणी देऊन बसवलं आहे. हे पत्र टपालात टाकत नाही. चपला सापडत नाहीत, तसाच खाली येतो.

आजोबा