मैत्रेयची वाट

३ फेब्रुवारी, सांगली
भावाच्या बाळाचं नामकरण येत्या दहा तारखेला, उंब्रजला. वहिनीने नाव ठरवलं: मैत्रेय. आप्पांना नामंजूर. दोघांच्या मध्ये मी. आत्या म्हणजे काय फुकटची पंच!

५ फेब्रु.
आप्पांना फोन. स्वतः बौद्धाचार्य, गावभरच्या पोरांचे नामविधी लावणारे, आणि नातवाच्या नावाला अडून बसलेत. "अगं, मैत्रेय म्हंजी पुढं कवातरी येनारा बुद्ध. देव येईल, अवतार येईल म्हनत आपल्या पिढ्या बसून ऱ्हायल्या. ते सोडून आपन विहारात आलो. आता परत वाट बघाय लावता व्हय?" ठेवला फोन. चहा गार.

७ फेब्रु.
इथल्या विहारातल्या भंतेंना गाठलं. म्हणाले, मूळ मेत्ता, म्हणजे मैत्री, सगळ्यांविषयीची माया. त्यावरून पालीत मेत्तेय्य, संस्कृतात मैत्रेय. "आणि हो, येणारा बुद्ध तोच." म्हणजे दोघंही बरोबर. बोंबला!
आप्पांना कळवलं. "मग मैत्री ठेवा की." मुलगा आहे, आप्पा!!

९ फेब्रु., उंब्रज
जेवताना भडका. वहिनी कधी नव्हे ते तोंड वर करून म्हणाली, "आवं आप्पा, ह्याची वाट आमी बघितलीच की. दवाखान्याच्या बाकड्यांवर बसून. ती वाया गेली व्हय?" आप्पा ताटावरून उठले. भाऊ मोबाईलमध्ये. त्याचा तर इतका राग आला... मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. कंटाळले मी.

१० फेब्रु.
पांढरे कपडे, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील. आप्पांचा आवाज खणखणीत. शेवटी बौद्धाचार्यांनी मूर्तीपुढे नाव जाहीर करायचं. आप्पा थांबले. सगळे बघतायत. मग माझ्याकडे वळून, "आत्याबाई, तुमीच सांगा." पोटच्या पोरीला आत्याबाई! सांगितलं मी. मैत्रेय. लोक म्हणाले साधू, साधू, साधू. आप्पांचे ओठ मिटलेलेच. वहिनी खीर वाढताना डोळे पुसत होती.

११ फेब्रु.
बॅग भरून बाहेर आले तर ओसरीवर कोवळ्या उन्हात आप्पा, मांडीवर बाळ. मी आहे हे त्यांना कळलं नाही. "आलास न्हवं एकदाचा? मग आता तू कुनाची वाट बघत बसू नगंस."
पाय न वाजवता मागे वळले तर आत वहिनी वाट अडवून उभी. "ताई, घेतलं का हो नाव त्यांनी?"
काय सांगू हिला? एसटीची वेळ झाली म्हटलं.