विसावी बाई

आखाडा बाळापूर,
ता. कळमनुरी, जि. परभणी
रविवार, १२ मार्च १९७८

चि. मनकर्णा हिस,

अप्पाचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडी गेल्यापासून कमी दुखतो. तुमच्याकडे अजून बर्फ पडतं हे तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "तिला लिवा, कान बांधून भाईर जात जाय."

आता कामाचं. तुझ्या एम.ए.च्या अटी मी दोनदा वाचल्या. सिनेमा आणि टेलिव्हिजन या विषयाला एवढा अभ्यास असतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं. लेखी, तोंडी, दहा मिनिटांचा स्वतः काढलेला चित्रपट, आणि वर प्रबंध. बाकीचं तू पार पाडलंस. प्रबंधासाठी मात्र आपल्या भागातल्या, सिनेमा पाहिलेल्या चाळीस माणसांच्या मुलाखती हव्यात, त्यांत वीस बाया, प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा, आणि सगळं एप्रिलच्या आत तिकडे पोचलं पाहिजे. एक जरी कमी पडली तरी प्रबंध घेणार नाहीत, या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस.

एक गोष्ट कबूल करतो. दोन वर्षांत गावात कुणी विचारलं, "गुरुजी, पोरगी काय शिकून राहिली?" तर मी नुसतं "एम.ए." म्हणायचो. विषय सांगत नव्हतो. मला वाटायचं, बाबासाहेबांनी आपल्याला पुस्तकं हाती घ्यायला सांगितलं आणि माझी लेक सिनेमा शिकायला समुद्रापार गेली. पण तुझे फॉर्म घेऊन दारोदार फिरायचं तर विषय सांगावाच लागला. कुणी हसलं नाही. उलट वारंगा फाट्यावरचा धर्मसिंग टायरवाला म्हणाला, "मास्तर, त्याची पण शाळा असते? मग मी तर लईच शिकलेला हाय." तो कधीकाळी तंबूच्या सिनेमाची गाडी चालवायचा. त्याची मुलाखत तीन पानं झाली.

माणसं काय काय बोलली ते तू वाचशीलच. उकंडराव पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचा, तिकडचं तिकीट स्वस्त होतं. मी विचारलं, "तिकडून अक्षरं उलटी दिसत असतील?" तो म्हणाला, "गुरुजी, मला वाचताच येत न्हाई. मला काय उलटं अन् काय सुलटं." रुख्मिणीबाईचं उत्तर लिहिताना माझा पेन थांबला. तिचं पोरगं देवीच्या साथीत गेलं, ते तुला माहीत आहे. ती म्हणाली, "घरी रडलं की सासू म्हनायची, पुरं कर. तंबूत सगळ्याच बाया रडायच्या. तिथं कोनी काहून रडती म्हनून इचारत न्हाई." तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, व्याकरण सुधारलेलं नाही. तूही सुधारू नकोस.

बाळापूर, फाटा, जवळा बाजार, सगळीकडे जाऊन पुरुष वीस झाले आणि बाया एकोणीस. विसावी मिळेना. काहींना घरच्यांची भीती, काही लाजल्या. परवा शेजारच्या आशाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी कवा पाह्यलाच न्हाई. पन गुरुजी, तुमच्या घरात एक बाई हाय न? तिला काहून इचारत न्हाई?"

खरं तर मी तिला मुद्दाम विचारलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सांगून ठेवलं होतं की शिक्षकाच्या घरातली बाई तंबूत दिसता कामा नये. म्हणजे तिचा फॉर्म कोरा राहणार, आणि तो कोरा का राहिला तेही मलाच लिहावं लागणार.

काल दुपारी ती तूर निवडत होती. मी फॉर्म घेऊन समोर बसलो. पहिला प्रश्न वाचला, सिनेमा पहिल्यांदा कधी आणि कुठं पाहिला?

हातातलं सूप न थांबवता ती म्हणाली, "लिवा. जवळा बाजार."

मी म्हणालो, "कमल, हे पोरीच्या परीक्षेचं काम आहे. खरं सांग."

"खरंच सांगून राहिले. तुमी परभणीला ट्रेनिंगला गेलते तवा. रुख्मिणीबाईसंगं गेले. मनू सहा वर्साची व्हती, मांडीवर घेऊन बसले."

मी लिहिलं. मग शेवटचा प्रश्न विचारला, पाहून काय वाटलं?

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोरगी सारखी इचारत व्हती, आई, ही मानसं कुठून येतात, कोन बनवतं? मला सांगता आलं न्हाई. मी म्हनले, तू शीक, अन् मंग मला सांग."

मनू, इथपर्यंत लिहून मी मघाशी पेन ठेवला होता. पुढचं लिहायचं टाळत होतो. आता लिहितो.

मी परभणीहून परत आलो त्या दिवशी तू ओट्यावर बसून एक गाणं म्हणत होतीस. कुठं शिकलीस, असं मी दरडावलं. तंबूच्या गाडीवरच्या कर्ण्यावर ऐकलं, म्हणालीस. मला ते खोटं वाटलं आणि मी तुला मारलं. एकदा नव्हे, दोनदा. गालावर वळ उठले. आई चुलीपाशी उभी होती. तू तिच्याकडे पाहिलंससुद्धा नाही. पुन्हा तेच म्हणालीस, कर्ण्यावर ऐकलं.

काल आई म्हणाली, "मी सांगनार व्हते. तिनं माझ्याकडं न पाहताच मान हालवून मला न्हाई म्हनलं." एवढं सांगून ती उठून आत गेली.

एकोणीस वर्षं मी हेच धरून चाललो की खोटं बोलणाऱ्या मुलीला मी वेळीच वळण लावलं. दोन-चार जणांना ते अभिमानानं सांगितलंही आहे. सहा वर्षांचं लेकरू आईला वाचवायला मार खात होतं, आणि आईला एवढी भीती कुणाची होती, हे मला काल कळलं.

माझं चुकलं, मनू. तुझ्या बाबतीत आणि तिच्याही.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, शनिवारी एस.टी.नं हिंगोलीला जाऊ, तीनचा खेळ पाहू. ती म्हणाली, "आधी पोरीला पत्र टाका. मंग पाहू." म्हणून आज बसलो.

चाळीस फॉर्म मोजून वेगळे रजिस्टर हवाई टपालानं पाठवत आहे. विसाव्या बाईनं सही स्वतः केली आहे. तिची उत्तरं गाळू नकोस, माझी लाज राखण्यासाठी तर मुळीच नको. राग आला असेल तर रागाचं पत्र लिही, मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवीन.

तुझी क्षमा मागणारा,
तुझा अप्पा
भिवाजी