समितीच्या वहीतली नऊ नावं

११ जानेवारी ९९
बोरीच्या पाड्यावर संस्थेचा 'क्षमता बांधणी'चा पहिला वर्ग, मी मदतीला. क्षमता म्हणजे काय कुंपण आहे, बांधायला? पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकाने बायकांच्या डोळ्यांना फडकी बांधली आणि एकमेकींचा हात धरून चालायला लावलं. म्हणे विश्वास वाढतो. जानीबाई, पाड्याच्या वनसमितीची अध्यक्ष, साधारण माझ्याच वयाची. फडकं सोडून म्हणाली, "डोलं उघडं ठेवून चालतो तरी काटं मोडतात, दादा." दिवाळीत हिने चार बायका घेऊन रस्त्यात बसकण मारली आणि सागाने भरलेला टेम्पो अडवला. हिला हा विश्वास शिकवणार!
खर्डी स्टेशनपर्यंत त्या प्रशिक्षकाला ऐकवत आले. शेवटी म्हणाला, "मॅडम, मग पुढचे वर्ग तुम्हीच घ्या ना."
घेते.

१४ जाने.
काय शिकवायचं ते पक्कं केलं. सभा घेणं, ठराव लिहिणं, वही ठेवणं. विमा कचेरीत निवृत्त होईपर्यंत नव्या कारकुनांना हेच शिकवलं.
एप्रिलमध्ये वनखात्याशी करार व्हायचा आहे. झाला तर वरचा डोंगर राखणं पाड्याच्या हातात, आणि त्यातलं सरपण, गवत, मोहाची फुलंही त्यांची. नाही झाला तर खातं कुंपण घालून रोपं लावणार, मग कित्येक वर्षं कोणी वर पाय ठेवायचा नाही. म्हणजे कागद चोख हवेत. हे मला कळतं, त्यांना नाही.

२ फेब्रुवारी
जानीबाईची सून कमळ. दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तिला सचिव केलं. घोकून घेतलं: घडलं ते त्याच दिवशी लिहायचं, खाडाखोड नाही, पान फाडायचं नाही, दर महिन्याला नक्कल वन कचेरीत.
"आनि चुकलं तर, बाई?"
"चुकलं असं पुढच्या पानावर लिहायचं."
हसली. मुलगी हुशार आहे.

९ फेब्रु.
नियम झाले. सात. मसुदा मीच नेला होता. चौथा: डोंगरावरच्या जिवंत झाडाची फांदी कोणीही तोडणार नाही. कोणाला शंका? कोणालाच नाही. सह्या, अंगठे, चहा. इतकी शिस्तीची सभा आमच्या कचेरीतही कधी झाली नाही. खूश आहे. संस्थेच्या मुरबाडकडच्या दोन पाड्यांनाही हेच सात नियम टपालाने पाठवले.

२६ फेब्रु.
संताप. अक्षर बघवत नाही, राहू दे.
न सांगता गेले होते. डोंगराच्या खालच्या अंगाला ऐनाची झाडं पार बोडकी. शेंड्याला एकेक झुपका, बाकी खांब. आणि डोक्यावर फांद्यांचे भारे घेऊन बायका उतरताहेत, सगळ्यात पुढे जानीबाई. अध्यक्ष!
"हे काय?"
"राब."
"आणि नियम चार?"
"तो कचेरीचा, बाय. हा राब हाय."
म्हणजे सह्या करायच्या आणि कोयता चालवायचा. कमळला वही आणायला लावली आणि नऊ घरांची नावं सांगितली. तिने मान वर करून विचारलं, "सासूचं पन लिवू?"
"तिचं पहिलं."
लिहिलं. जानीबाई भारा न उतरवता उभी होती. मग तशीच पाड्याकडे उतरली.

१ मार्च
अजून धुमसतेय. शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, राग आला की दहापर्यंत आकडे मोज. चारशेपर्यंत गेले.

१२ मार्च
कमळ आटगावला माझ्या घरी आली, उन्हातून, वही पिशवीत घालून. वन कचेरीचं पत्र दाखवलं. 'समितीच्याच दप्तरातील नोंदीनुसार अध्यक्षांसह नऊ कुटुंबांनी नियम ४ चा भंग केला आहे. सबब नियोजित करार का रद्द समजू नये, याचा खुलासा समक्ष करावा.' तारीख ३०.
नक्कल पाठवायला मी शिकवलं. नावं मी सांगितली. नियमही माझा.
"आता वो बाई?" म्हणाली. पाणी दिलं तिला. मग तिला शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. लाज वाटते.

१३ मार्च
सकाळीच पाड्यावर. माफी कशी मागायची याचा रिक्षात सराव केला, तो वाया गेला. जानीबाई म्हणाली, "चला, बघा तरी."
भाताची रोपं ज्या तुकड्यात टाकायची, तिथे या वाळलेल्या फांद्या पसरतात, वर शेण, पालापाचोळा, माती, आणि पाऊस यायच्या आधी भाजतात. तो राब. त्याशिवाय रोप जोर धरत नाही, तण माजतं. इथे राहायला आल्यापासून दोन उन्हाळे मी तो धूर आटगावातून बघितला आणि 'कचरा जाळतात मेले' म्हणत खिडक्या लावून घेतल्या.
प्रत्येक घराची झाडं ठरलेली. एक साल उतरवायची, दोन साल हात लावायचा नाही. मनगटाहून बारीक झाड सोडायचं. शेंडा ठेवायचा. गेल्या साली उतरवलेली झाडं दाखवली, कोवळ्या फांद्यांनी भरलेली. शेजारून चालत गेले असेन चार वेळा. दिसली नाहीत.
"मग त्या दिवशी सभेत बोलला का नाहीत?"
"तुमी एवढं बसून लिवलेलं. घरी आलेल्या मानसाला तोंडावर नाय कसं म्हनायचं?"
कमळ हळूच म्हणाली, "आनि बाई, 'कोणाला शंका' इचारलंत नि लगेच पाचवा वाचलात."

१५ मार्च
आज एक नीच काम केलं. कमळला म्हटलं, ते पान फाड. दुसरं लिहू. मी सांगते तसं.
"नाय फाडनार."
"अगं, डोंगर जाईल!"
"तुमीच सांगितलंत ना?" आणि वही छातीशी धरून उभी राहिली, जशी मी ओढून घेणार आहे. खरं तर घेतलीही असती.
जानीबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरीला शिकवलंत तर आता शिकू द्या."

१७ मार्च
मुरबाडकडे जाऊन आले. पहिल्या पाड्यावर माझे सात नियम ओटीच्या भिंतीला खळीने चिकटवलेले, हळदीकुंकू वाहिलेले. त्याच भिंतीला टेकून राबाचे भारे. मी भाऱ्यांकडे बघितलेलं बघून यजमान घाईघाईने म्हणाला, "बाय, च्या घ्या." कागद काढून टाका म्हटलं, तर रुसला. गुळाचा चहा छान होता. दुसऱ्या पाड्यावर कागद पोचलाच नव्हता. देव आहे.

२० मार्च
पाड्यावर सभा. मी मागे, दाराशी. तोंडाला कुलूप लावायचं असं स्वतःला बजावून गेले होते.
कसली सभा, बाजार! कान्हू म्हातारा जानीबाईवर ओरडला, तुज्या सुनेनं नावं लिवली. जानीबाई म्हणाली, "खरी लिवली का खोटी ते बोल." मग झाडांवरून भांडण. दोन साल का तीन साल? खालच्या घरांनी औंदा जरा जास्त उतरवलं, असंही निघालं, आणि त्यात जानीबाईही होती. तिने कबूल केलं, शिव्या देत. भाऊ वेगळे झाले तर झाडं कशी वाटायची, यावर तास गेला. तीनदा माझी जीभ वळवळली. तिसऱ्यांदा कमळने नुसतं बघितलं.
शेवटी राबाचा नियम तिने लिहिला, त्यांच्याच शब्दांत. तीन साल ठरली. अंगठे देताना हुज्जत चालूच. ९ फेब्रुवारीला ती शिस्त नव्हती, पाहुणचार होता.

३० मार्च
वन कचेरी. अडीच तास बाकावर. साहेब शांत माणूस, पत्रातल्यासारखा नाही. जुनं पान बघितलं, नवं बघितलं.
"ही नऊ नावांची नोंद खोटी आहे का?"
मी तोंड उघडणार तेवढ्यात कमळ, "नाय साहेब, नोंद खरी. नियम खोटा होता."
"कोणी केला होता?"
"मी," म्हटलं. इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोललेही. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा कमळकडेच वळला.
राबाने जंगल उजाड होतं असं वनखात्याच्या लोकांना शिकवलेलं आहे. तीन सालांचं साहेबाला पटलं की नाही, कळलं नाही. जानीबाई म्हणाली, "झाडं काय पलून चालली नाय. या नि बघा." पुढच्या गुरुवारी येतो म्हणाला. बघून सही, नाही तर रद्द. 'नाही तर' फार सहज म्हणाला.

५ एप्रिल
संस्थेचं पत्र. बोरीच्या पाड्यावरील प्रशिक्षणाची यशोगाथा एका पानात पाठवा. फाडलं. हे पान फाडायला हरकत नाही.

८ एप्रिल
पाड्यावरच लिहितेय, जानीबाईच्या ओटीवर. साहेब साडेदहाला आला, सोबत गार्ड. मी चपला घातल्या, काठी घेतली. जानीबाईने काठी काढून घेतली.
"तुमी हितंच बसा."
"मी एक शब्द बोलणार नाही."
"बोलाल वो. तुमाला नाय ऱ्हावनार."
कमळ वही घेऊन गेली, कान्हू म्हातारा गेला, पाच-सहा बायका गेल्या. जानीबाई पुढे, साहेब तिच्या मागे, हात पाठीशी बांधून.
दोन वाजले. मला भाकर वाढली गेली, खाल्ली.
वाट अर्ध्यापर्यंत दिसते, मग ऐनांच्या आड. मघाशी वरून कोणीतरी मोठ्याने बोललं, भांडल्यासारखं. कान्हू असेल. किंवा साहेब. आता काहीच ऐकू येत नाही. कान्हूने तीन सालांवरून पुन्हा काढलं असेल तर? की साहेबाने कोवळ्या झाडावर कोयत्याचा एखादा घाव बघितला?
शेजारची म्हातारी म्हणते, बस गो बाय, येतील.
पावणेपाच. बसलेय.