शेवटच्या होडीआधीचा सिनेमा

बाबा,

तुमच्या हातांना ओठ लावून लिहिते आहे. मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

तुमचा लाडका, मंत्र्याच्या कटाचा सिनेमा पुन्हा नव्याने काढलाय. काल इथे कैरोत पाहिला. शेवटी साक्षीदार कोर्टात उभा राहतो आणि चक्क गप्प बसतो! मी ओरडलेच, "शेवट बदलला मेल्यांनी! जुन्यात तो मंत्र्याचं नाव घेतो!"

शेजारचे आजोबा टरबुजाच्या बिया फोडत म्हणाले, "जुन्यातही गप्पच बसतो, पोरी. गाव कुठलं तुझं?"

"लक्सरसमोरचं, नाईलच्या पलीकडच्या काठावरचं."

ते खो खो हसले. "मग बरोबर! तुम्ही पलीकडचे शेवटची होडी गाठायला सिनेमा अर्धवट टाकून पळायचात. शेवट होडीतच रचला असेल!"

खरं का हो, बाबा? तुमच्या तोंडून तो शेवट ऐकूनच तर मी वकील झाले.

काळजी करू नका. पण पुढच्या महिन्यात माझा एकुलता एक साक्षीदार कोर्टात उभा राहायचाय, आणि तो दारच उघडत नाहीये. सिनेमातला साक्षीदार 'बोलतो' असं होडीत पहिल्यांदा कोण म्हणालं? तुम्ही असाल, तर का म्हणालात ते लिहा. मला त्याच्या दाराशी तेच सांगायचंय.

अजून त्याच होडीत बसलेली,
तुमची नवारा