माळावरच्या वाऱ्याचं भाडं

१४ मार्च १९९९, रविवार

दादा आला!! लग्नानंतर पहिल्यांदा भगवंतदादा माझ्या दारात. कोकणातल्या मास्तराशी जातीबाहेर लग्न केलं म्हणून 'आम्हाला बहीणच नाही' असं गावभर सांगणारा, तोच. मी येडी — लगेच पुरणाला डाळ शिजत टाकली. गुड्डीला म्हटलं, मामा आलाय. ती बघतच राहिली. मामा म्हणजे काय, तिला कुठं ठाऊक!

डाळ शिजायच्या आत कागद निघाला. साक्रीकडच्या आमच्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायच्यात. कंपनी जमीन भाडेपट्ट्यानं घेणार. अण्णा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून माझंही नाव लागलंय, तेव्हा माझी सही पाहिजे. तरीच!

मी म्हटलं, आखाजीला मुराळी होऊन ये. माहेरी ने, आईसमोर सही करते. अक्षय्य तृतीयेला सगळ्या सासुरवाशिणींना भाऊ न्यायला येतो, माझीच आखाजी सिल्वासात का? त्याचा चेहरा उतरला. "गाव काय म्हनीन?" एवढंच बोलला. न जेवता गेला.

१५ मार्च

रघुनाथ म्हणाले, करून टाकायची सही. वाऱ्याचं तर भाडं आहे, उद्या उन्हाचंही देतील! मला हसू आलं नाही. मग शाळेला निघताना डोक्यावरून हात फिरवून गेले. चांगला आहे माझा नवरा.

२८ मार्च

दिवसभर तो माळच डोक्यात. बाजरी उपणायला आई उंचावर उभी राहायची, भुसा पार नाल्यापर्यंत. दादा माझा परकर मुठीत धरून ठेवायचा — उडून जाशील म्हणायचा. लहान होता तोही. कसा सुंदर होता!

५ एप्रिल

चाळीतल्या धुळ्याकडच्या बायकांनी झोक्याची गाणी सुरू केलीत. एकेकीचा भाऊ यायला लागला. मला विचारलं, तुझं काय? म्हटलं, यांना सुट्टी नाही. खोटारडी मी.

११ एप्रिल

बाजारात झिपरू भेटला. आमच्याच गावचा, इथं जवळच मसाटला कारखान्यात आहे, परवाच गावाहून आला. म्हणाला, कंपनीवाल्यांनी वारा मोजायचा खांब उपटून नेला. दुसरा डोंगर पसंत केला. तुमच्या माळावर वारा कमी पडतो म्हणे.

कमी! आमच्या माळावर! आईचं लुगडं वाळत घातलं की शोधायला दुसऱ्याच्या बांधावर जावं लागायचं!

म्हणजे आता सही नको. दादाचं माझ्याकडे कामच संपलं. फार ताणलं मी. मुकाट्यानं सही केली असती तर निदान येणं-जाणं तरी राहिलं असतं. भाजी न घेताच घरी आले. खूप रडले.

१४ एप्रिल

आज काही नाही. आखाजी रविवारी.

१६ एप्रिल

संध्याकाळी दादा! मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, झिपरूनं कळवलंय मला, सही नको आता. त्यानं पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाला, "सहीले कोन वना? तुले लेवाले वनू. चाल बहीन." सहीसाठी नाही, मला न्यायला आलाय!

माझी पिशवी भरली, गुड्डीची भरली. रघुनाथांचे कपडेही भर म्हणाला.