लंकाबाईचं भरलेलं तोंड

३ नोव्हेंबर, सोमवार
चूर्ण विकणाऱ्या पुंजारामकडे लागलो. काम काय, बोंबलायचं. अंबडला शिफ्ट सुटली की कंपनीच्या गेटाबाहेर टेबल मांडायचं — अश्वगंधा, शतावरी, शिलाजीत. "अंगाचा शीण, डोक्याचा शीण, एका चमच्यात साफ!" ओझरला हमाली केली, सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या. त्यापेक्षा हे बरं. आवाजाचा पगार पहिल्यांदाच मिळतोय.

६ नोव्हेंबर
लंकाबाई म्हणून एक येते. ठेकेदाराकडे पॅकिंगला, दिवसभर उभी. पावसाळ्यापासून चूर्ण घेते. आधी म्हणे नुसती काडी होती. आता तोंड टम्म पुरीसारखं. पुंजाराम तिला टेबलापाशी उभीच करतो. "बघा मावशीकडं. ही सासू का सून, सांगा." ती लाजते. "लय गुण हाय. गुडघे बोलत नायत आता. पोरीचं, मोहिनीचं, नर्सिंग होईस्तोवर पाय चालले म्हंजे झालं." बाया तिचे गाल दाबून बघतात आणि डबा घेतात. आज तिचा फोटो काढला, फ्लेक्स करायचाय.

११ नोव्हेंबर
टेबल सोडून विमानं बघत बसलो. पुंजारामच्या शिव्या खाल्ल्या.

१७ नोव्हेंबर
पुंजारामनं गोळ्यांची पाकिटं आणायला धाडलं. मेडिकलवाला हसला, "आता कोणाला फुगवताय?" कळेना. मग म्हणाला, "स्टिरॉइड आहे, राजा. दुखणं दाबतं, तोंड सुजवतं. लोक म्हणतात तब्येत सुधारली."
खोलीवर पुंजारामनं गोळ्या चूर्णाबरोबर मिक्सरला फिरवल्या. विचारलं, तर म्हणतो कसा — "नुसत्या मुळीनं शीण जाता, तर बैलांनीच रान खाऊन टाकलं असतं."
मला हसू आलं. तेही असं, की थांबेना.

२४ नोव्हेंबर
लंकाबाईनं हात पुढं केला. "बांगडी निघंना. बघ, या वयात बाळसं धरलं मी." तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. टपरीमागं नेऊन सांगितलं, मावशी, आजपासून बंद. एकदम. हात लावायचा नाही. पुंजारामला बोलायचं नाही. तिनं मान हलवली. "तू सांगतो तर बंद."
बरं वाटलं. उसाचा रस प्यायलो. दोन गाढवं भांडत होती, बघत उभा राहिलो. टेबलावर उशिरा गेलो.

२९ नोव्हेंबर
लंकाबाई नाही. पुंजाराम म्हणतो, "आपलं पोस्टर कुठं गेलं?"

१ डिसेंबर
तिची मोहिनी आली. पॅकिंगच्या पट्ट्यावरच आई कोसळली म्हणे. ओकाऱ्या, बीपी लागेना. आता आयसीयूत. डॉक्टर म्हणाले, असलं औषध एकदम तोडायचं नसतं, हळूहळू उतरवायचं असतं, नाहीतर शरीर बसतं.
"तिला सोडायला कोणी सांगितलं?"
पुंजारामनं माझ्याकडं बघितलं. मी डब्यांची झाकणं पुसत राहिलो.
"ती पण नाव घेईना," मोहिनी म्हणाली. "नुसती म्हणते, पोरगं चांगलं हाय."

४ डिसेंबर
लंकाबाई गेली.
पुंजारामनं टेबल सातपूरला हलवलं. मला म्हणाला, "सांगायचं — अंबडची बाई चूर्णावर होती तोवर डबल शिफ्ट मारायची. सोडलं आणि दहा दिवसांत गेली. यात खोटं काय हाय?"
खोटं काहीच नाही.

५ डिसेंबर
मागं फ्लेक्सवर लंकाबाई हसतेय. आवाज चांगला लागला. माल पुरला नाही.